चौकटीतील अंक : चौरस मॅट्रिक्सचा दोन हजार वर्षांचा प्रवास

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. वर्गात आम्ही शिक्षकही बहुतेक तेच शिकवितो. परंतु ज्या गोष्टींनी माणसाचे रोजचे जगणे बदलून टाकले, त्यांतील कितीतरी गोष्टींचा राजदरबाराशी फारसा संबंध नव्हता. त्या एखाद्या धान्याच्या कोठारात, एखाद्या वकिलाच्या कचेरीत किंवा एखाद्या कॉलेजातील कोपऱ्यातल्या खोलीत जन्मल्या. अशाच एका गोष्टीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती गोष्ट म्हणजे अंकांची एक साधी चौकट. गणितात तिला मॅट्रिक्स म्हणतात. मराठीत सारणी हा शब्दही वापरतात.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. परंतु शाळेत बदली तासाला गणिताच्या वर्गावर जावे लागते, आणि तेथे मुले नेहमी एकच प्रश्न विचारतात : "सर, हे कुणी काढलं, आणि कशासाठी?" हा प्रश्न मुळात गणिताचा नसून इतिहासाचा आहे. म्हणून त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

चौकट म्हणजे काय?

एक सोपे उदाहरण घेऊ. ३ वह्या आणि २ पेने मिळून १३० रुपये झाले. २ वह्या आणि ३ पेने मिळून १२० रुपये झाले. तर एका वहीची आणि एका पेनाची किंमत किती? आता वही, पेन, रुपये हे शब्द बाजूला ठेवा आणि वस्तूंचे आकडेच जागच्या जागी मांडा :

३   २
२   ३

ही झाली मॅट्रिक्स. तिच्यात आडव्या ओळी दोन आणि उभे स्तंभही दोन. म्हणून ती चौरस. चौरस का? कारण अज्ञात गोष्टी दोन आहेत आणि त्या शोधण्यासाठी माहितीही दोनच वाक्यांत दिली आहे. जितकी अज्ञाते तितकी समीकरणे, हा हिशेब जुळला म्हणजे चौकट आपोआप चौरस होते.

या चौकटीतून एक संख्या काढता येते. तिरप्या रेषेत गुणावयाचे आणि वजाबाकी करावयाची : ३ × ३ वजा २ × २, म्हणजे ५. या संख्येला आपल्या दहावीच्या बीजगणितात निश्चयक म्हटले आहे, आणि हे नाव फार अर्थपूर्ण आहे. तिच्या मदतीने वहीची किंमत ३० रुपये आणि पेनाची २० रुपये असे निश्चित उत्तर मिळते. आता समजा, दुकानदाराने दुसऱ्या वेळी सांगितले की ६ वह्या आणि ४ पेने मिळून २६० रुपये झाले. तर? हे पहिलेच वाक्य दुप्पट करून सांगितले. नवी माहिती काहीच मिळाली नाही. या चौकटीचा निश्चयक काढा : ३ × ४ वजा २ × ६, म्हणजे शून्य. निश्चयक शून्य आला की समजावे, एकमेव उत्तराचा निश्चय होऊ शकत नाही.

चौकटीत आकडे म्हटल्यावर काही वाचकांना जादूचा चौरस आठवेल, ज्यात कोणत्याही बाजूने बेरीज केली तरी ती सारखीच येते. तो खेळही जुना आणि सुंदर आहे, पण तो वेगळा. जादूच्या चौरसात बेरजेची गंमत असते. मॅट्रिक्समध्ये प्रत्येक आकड्याच्या जागेला अर्थ असतो. आकडा तोच, पण जागा बदलली की अर्थ बदलला.

काड्यांचा पट

या चौकटीचा सर्वांत जुना ठळक पुरावा चीनमध्ये सापडतो. 'गणिताची नऊ प्रकरणे' या नावाने ओळखला जाणारा एक प्राचीन चिनी ग्रंथ आहे. तो हान राजवटीच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सिद्ध झाला. इ. स. २६३ मध्ये ल्यू हुई यांनी त्यावर टीका लिहिली. या ग्रंथाचे आठवे प्रकरण सर्वस्वी अशा चौकटींना वाहिलेले आहे.

त्यातील पहिलेच उदाहरण धान्याचे आहे. उत्तम प्रतीच्या ३ पेंढ्या, मध्यम प्रतीच्या २ आणि हलक्या प्रतीची १ मिळून ३९ मापे धान्य निघते. उत्तम २, मध्यम ३, हलकी १ मिळून ३४ मापे. उत्तम १, मध्यम २, हलक्या ३ मिळून २६ मापे. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीतून किती धान्य निघेल?

चिनी हिशेबनीस कागदावर लिहीत नसत. हिशेबाच्या पटावर ते बांबूच्या काड्या मांडीत. प्रत्येक वाक्यासाठी एक उभा स्तंभ. अधिक संख्येसाठी तांबड्या काड्या आणि उणे संख्येसाठी काळ्या, अशी सोय ल्यू हुई यांनी सांगितली आहे. मग एका स्तंभाला योग्य अंकाने गुणून त्यातून दुसरा स्तंभ वजा करीत जावयाचे, म्हणजे वरची एकेक जागा रिकामी होत जाते. दुसऱ्या स्तंभाला ३ ने गुणून त्यातून पहिला स्तंभ दोनदा वजा केला की उत्तम प्रतीची जागा रिकामी होते आणि ५, १, २४ एवढेच उरते. असे करीत करीत शेवटी एकाच स्तंभात ३६ आणि ९९ हे दोन आकडे उरतात. म्हणजे हलक्या प्रतीच्या ३६ पेंढ्यांत ९९ मापे. एका पेंढीत पावणेतीन. त्यावरून मध्यम प्रत सव्वाचार आणि उत्तम प्रत सव्वानऊ. वाचकांनी ताळा करून पाहावा. उत्तर तंतोतंत जुळते.

आज गणकयंत्र हजारो समीकरणे सोडविते ते मूलतः याच रीतीने. परंतु त्या हिशेबनिसांच्या दृष्टीने ही चौकट म्हणजे पटावरची एक सोय होती. काम झाले की काड्या गोळा करून पेटीत ठेवल्या जात.

बगदाद आणि आपला देश

'अल्जिब्रा' हा शब्द बगदादचा, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. खलिफा अल्-मामून यांच्या कारकिर्दीत, इ. स. ८२० च्या सुमारास, मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी यांनी अल्-जब्र आणि अल्-मुकाबला यांविषयी आपला ग्रंथ लिहिला. जब्र म्हणजे तुटलेले सांधणे. स्पेनमध्ये तर हाड बसविणाऱ्यालाही याच शब्दावरून नाव पडले होते. या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. व्यापार आणि जमिनीची मोजणी यांचेही हिशेब त्यात आहेत. अज्ञात संख्येला ते 'शय', म्हणजे 'वस्तू', म्हणत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अल्-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथात अंकांची चौकट नाही. सर्व काही शब्दांत लिहिले आहे. "सगळे शोध आमच्याकडेच लागले होते" असे म्हणण्याचा मोह प्रत्येक समाजाला होतो, पण इतिहासाच्या शिक्षकाने त्या मोहात पडू नये. अल्-ख्वारिझ्मी यांनी दिले ते वेगळे आणि तितकेच मोलाचे : समीकरण ही स्वतंत्रपणे अभ्यासण्याची गोष्ट आहे, ती विशिष्ट पायऱ्यांनी सोडवावी आणि प्रत्येक पायरीचे कारण द्यावे, ही शिस्त. पायऱ्यांनी हिशेब करण्याच्या रीतीला आज 'अल्गोरिदम' म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला.

भारतात ब्रह्मगुप्त यांनी ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले. एकाहून अधिक अज्ञाते असली की आपले गणिती त्यांना रंगांची नावे देत : कालक, नीलक, पीतक. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितात अशा समीकरणांना 'अनेकवर्ण' म्हटले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ साली त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. पुढे शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी याच बीजगणिताचे फारसीत भाषांतर केले. विद्या एका भाषेच्या कुंपणात राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

जागेलाच नाव

सतराव्या शतकाच्या अखेरीस पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसे एकाच विचारापाशी पोहोचली. जपानमध्ये सेकी ताकाकाझू यांनी १६८३ साली निश्चयकाची कल्पना मांडली. जर्मनीत लायब्निट्स यांनी १६९३ साली फ्रान्समधील गणिती लोपिताल यांना लिहिलेल्या पत्रात तीच कल्पना दिसते. लायब्निट्स यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. समीकरणातील सहगुणकांना त्यांनी दोन अंकांचे नाव दिले : एक अंक ओळीचा, दुसरा स्तंभाचा. चित्रपटगृहात जशी रांग आणि खुर्ची, तशी ही जागेची ओळख.

१७५० साली जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमर यांनी आपल्या ग्रंथात निश्चयकांनी समीकरणे सोडविण्याचा सर्वसाधारण नियम दिला. आपल्या मुलांना दहावीत 'क्रेमरची पद्धत' म्हणून भेटते ती हीच. दोन अज्ञातांसाठी ती फार सोयीची. पण अज्ञाते वाढली की ती आवाक्याबाहेर जाते. दहा ओळी आणि दहा स्तंभांच्या एकाच निश्चयकाचा पूर्ण विस्तार केला तर ३६,२८,८०० पदे होतात!

ही अडचण जर्मनीचे थोर गणिती गाउस यांच्यासमोर उभी राहिली ती आकाशातून. १८०२ साली पॅलस नावाचा लघुग्रह सापडला होता आणि त्याची कक्षा ठरवावयाची होती. अज्ञाते होती सहा. निरीक्षणे मात्र त्याहून अधिक होती आणि ती एकमेकांशी पूर्णपणे जुळत नव्हती, कारण दुर्बिणीतून मोजताना थोडीफार चूक होतेच. मग कोणत्या निरीक्षणावर विश्वास ठेवावयाचा?

याचे उत्तर म्हणजे 'न्यूनतम वर्गांची रीत'. ती फ्रान्सच्या लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली, आणि आपण ती १७९५ पासून वापरीत आहोत असे गाउस यांनी १८०९ साली सांगितले. त्यावरून दोघांत कटुता आली. रीत अशी : कोणतेच निरीक्षण टाकावयाचे नाही. सर्व चुकांचे वर्ग करून त्यांची बेरीज कमीत कमी होईल असे उत्तर घ्यावयाचे. आणि गंमत पाहा, निरीक्षणे शंभर असोत की हजार, या नियमाने शेवटी समीकरणे उरतात ती अज्ञातांइतकीच. सहा अज्ञाते, सहा समीकरणे. पुन्हा चौरस चौकट! शिवाय ही चौकट कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी सारखी असते. ती सोडविण्यासाठी गाउस यांनी १८१० साली एकेक अज्ञात नाहीसे करीत जाण्याची पद्धतशीर रीत दिली. चिनी हिशेबनीस काड्यांनी करीत होते तेच काम युरोपात पुन्हा नव्याने उभे राहिले. बीजगणित आणि संख्याशास्त्र यांची गाठ पडली ती या चौरस चौकटीपाशी.

दोन वकील

इतके होऊनही चौकटीला स्वतःचे नाव नव्हते. निश्चयकाला होते; १८१२ साली कोशी यांनी आजच्या अर्थाने ते रूढ केले. पण ज्या चौकटीतून निश्चयक निघतो तिच्याकडे एक स्वतंत्र वस्तू म्हणून कोणी पाहिले नव्हते. हे काम झाले लंडनमध्ये, आणि ते केले वकिली करणाऱ्या दोन माणसांनी.

त्यांपैकी पहिले जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर. जन्म १८१४, लंडन. धर्माने ज्यू. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात ते शिकले आणि १८३७ साली गणिताच्या प्रसिद्ध ट्रायपॉस परीक्षेत संपूर्ण विद्यापीठात दुसरे आले. पण पदवी मिळाली नाही. त्या काळी पदवी घेताना इंग्लंडच्या चर्चची धर्मतत्त्वे मान्य असल्याची सही करावी लागे. सिल्व्हेस्टर यांनी ती केली नाही. पदवी नाही म्हणून फेलोशिप नाही. स्मिथ पारितोषिकाची स्पर्धाही बंद. अखेरीस १८४१ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना बी. ए. आणि एम. ए. या पदव्या दिल्या. पुढे योग्य जागा न मिळाल्याने त्यांनी १८४४ पासून विमा कंपनीत हिशेबतज्ज्ञाची नोकरी धरली आणि १८४६ साली कायद्याच्या अभ्यासाला सुरुवात केली.

दुसरे आर्थर केली. जन्म १८२१. तेही केंब्रिजचे, १८४२ साली ट्रायपॉसमध्ये पहिले. परंतु कॉलेजातील जागा कायम ठेवावयाची तर धर्मगुरूची दीक्षा घ्यावी लागे, ती त्यांना नको होती. म्हणून त्यांनीही वकिली पत्करली आणि चौदा वर्षे ती केली. पोटापुरते काम घ्यावयाचे आणि उरलेला वेळ गणिताला द्यावयाचा, असा त्यांचा नेम होता. लंडनमधील लिंकन्स इन या वकिलांच्या वस्तीत हे दोघे अंगणातून फेऱ्या मारीत आणि बोलत. विषय खटल्यांचा नसे, बीजगणिताचा असे.

१८५० साली सिल्व्हेस्टर यांनी अंकांच्या चौकटीला 'मॅट्रिक्स' हे नाव दिले. लॅटिन भाषेत मॅट्रिक्स म्हणजे गर्भाशय. या चौकटीच्या पोटातून निरनिराळे निश्चयक जन्म घेतात, म्हणून हे नाव. आपला 'मातृ', फारसीतला 'मादर' आणि हा लॅटिन शब्द एकाच कुळातले. एवढेच नव्हे, तर आपले वाडवडील जी 'मॅट्रिक'ची परीक्षा देत, तो शब्दही नोंदवहीच्या अर्थाने याच मुळातून आला आहे.

नाव मिळाले, पण व्यक्तिमत्त्व दिले ते केली यांनी. १८५८ साली त्यांनी मॅट्रिक्सच्या सिद्धांतावर निबंध लिहिला. त्यांनी विचारले : या सबंध चौकटीलाच एक संख्या मानली तर? दोन चौकटींची बेरीज करता येईल का? गुणाकार? भागाकारासारखे काही? उत्तर 'होय' असे आले, पण एका विलक्षण अटीवर. साध्या संख्यांत २ × ३ आणि ३ × २ सारखेच. चौकटींत तसे नाही. खालील दोन चौकटी घ्या :

१   १          १   ०
०   १          १   १

पहिलीला दुसरीने गुणल्यास ओळी येतात २, १ आणि १, १. क्रम उलटा केल्यास येतात १, १ आणि १, २. क्रम बदलला की उत्तर बदलले! यात विचित्र काही नाही. आधी वुजू आणि मग नमाज, आधी पायमोजा आणि मग बूट. जगातील बहुतेक क्रियांत क्रमाला महत्त्व असते. क्रमाला महत्त्व असणाऱ्या गोष्टींचे गणित करण्याचे साधन माणसाच्या हाती आले ते हे.

या निबंधात आणखी एक सुंदर प्रमेय आहे, जे आज केली-हॅमिल्टन प्रमेय म्हणून ओळखले जाते. प्रत्येक चौरस मॅट्रिक्सचे स्वतःचे एक समीकरण असते आणि ती मॅट्रिक्स स्वतःच ते समीकरण पाळते. केली यांनी ते लहान चौकटींसाठी तपासले आणि पुढची सर्वसाधारण सिद्धता देण्याची आवश्यकता वाटत नाही असे लिहून मोकळे झाले. ती सिद्धता १८७८ साली फ्रोबेनियस यांनी दिली. त्यानंतर १९२५ साली हायझेनबर्ग यांना अणूच्या अंतरंगाचा हिशेब करताना क्रम बदलला की उत्तर बदलते असे आढळले, तेव्हा त्यांना मॅट्रिक्स ठाऊकही नव्हत्या. हा तर चौकटींचा गुणाकार आहे, हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी माक्स बॉर्न यांनी ओळखले.

बंद दार आणि उघडे दार

वाचक हो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. सिल्व्हेस्टर यांना केंब्रिजने परत पाठविले ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. १८५६ आणि १८७१ च्या कायद्यांनी धर्माची ही अट टप्प्याटप्प्याने दूर झाली आणि त्यानंतर त्यांच्याच विद्यापीठाने त्यांना पदवी दिली. तेव्हा त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती.

हे दार उघडल्याचा लाभ आपल्या मुलुखालाही झाला. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँगलर झाले; 'रँगलर परांजपे' हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. ते ज्या कॉलेजात शिकले ते सेंट जॉन्सच, सिल्व्हेस्टर यांचे. कोकणातल्या खेड्यातून आलेल्या ब्राह्मण मुलाला कोणी ख्रिस्ती धर्मतत्त्वांवर सही करावयास सांगितली नाही.

सिल्व्हेस्टर स्वतः १८७६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. तेथे क्रिस्टीन लॅड नावाच्या मुलीला ती स्त्री म्हणून प्रवेश मिळत नव्हता. सिल्व्हेस्टर यांनी तिची बाजू घेतली आणि तिला वर्गात बसता आले. १८८२ पर्यंत तिने पीएच. डी.चे काम पूर्ण केले. पण विद्यापीठाने पदवी दिली ती थेट १९२६ साली! केली यांनीही केंब्रिजमधील स्त्रियांच्या न्यूनहॅम कॉलेजच्या कौन्सिलचे अध्यक्षपद सांभाळले. ज्याच्या तोंडावर दार लागलेले असते त्याला दुसऱ्यासाठी दार उघडावेसे वाटतेच असे नाही. सिल्व्हेस्टर यांना वाटले, म्हणून त्यांचे स्मरण अधिक.

कलकत्त्याची देणगी

आता संख्याशास्त्राकडे वळू. समजा, एका शाळेत सहा विषय आहेत. प्रत्येक दोन विषयांच्या गुणांत किती सहसंबंध आहे हे मोजले, तर सहा ओळी आणि सहा स्तंभांची चौरस चौकट तयार होते. कर्णावर सर्वत्र १, कारण प्रत्येक विषयाचा स्वतःशी पूर्ण संबंध. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून वेगळ्या संख्या पंधराच. या पंधरा आकड्यांत मुलांच्या अभ्यासाचे चित्र दडलेले असते. अशा माहितीतून थोडक्यात सार कसे काढावे याचा मार्ग कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली आणि हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ साली दाखविला.

पण या क्षेत्रातील एक मोठी देणगी आपल्या देशाची आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. १९२० साली नागपूर येथे भरलेल्या सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांच्याशी भेट झाली. ॲनंडेल यांच्यापाशी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरांची मापे होती, आणि त्यांचा अर्थ कसा लावावा हा प्रश्न होता. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती 'दूर' आहेत, हे मोजावे कसे?

वरवर पाहता सोपे. उंचीतला फरक घ्या, हाताच्या लांबीतला फरक घ्या, वर्ग करून बेरीज करा. पण यात चूक होते. उंच माणसाचा हात लांब असतोच; म्हणजे एकच फरक आपण दोनदा मोजला. उदाहरणाने पाहू. उंची आणि हात यांचा सहसंबंध ०.८ आहे असे धरू :

१      ०.८
०.८    १

एक समूह आपल्या समूहापेक्षा उंचीने १ एकक जास्त आणि हातानेही १ एकक जास्त आहे. दुसरा समूह उंचीने १ एकक जास्त, पण हाताने १ एकक कमी आहे. साध्या हिशेबाने दोन्हींचे अंतर सारखेच : २. महालनोबीस यांनी मात्र या चौकटीची व्यस्त चौकट, म्हणजे तिच्याशी गुणल्यास १ सारखी वागणारी चौकट, हिशेबात घेतली. तसे केले की पहिल्या समूहाचे अंतर येते सुमारे १.११ आणि दुसऱ्याचे येते १०. आपला अनुभवही हेच सांगतो : उंच आणि लांब हाताचा माणूस नवलाचा नाही, उंच पण आखूड हाताचा दिसला तर आपण वळून पाहतो.

हे सूत्र १९३६ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले आणि जगभर 'महालनोबीस अंतर' म्हणून ओळखले जाते. त्यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९४१ साली एक तरुण विद्यार्थी आला. त्याचे नाव सी. आर. राव. नोकरीच्या शोधात कलकत्त्याला आलेला हा तरुण योगायोगाने या संस्थेकडे वळला होता. १९४६ साली केंब्रिजच्या संग्रहालयाला सुदानमधील जबल मोया येथे उत्खननात सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांच्या मापांचा अर्थ लावावयाचा होता. त्यासाठी महालनोबीस यांचीच पद्धत हवी होती, म्हणून राव यांना तेथे बोलाविण्यात आले. १९४८ साली केंब्रिजने राव यांना पीएच. डी. दिली. पुढे ज्या चौकटीचा निश्चयक शून्य आहे, जिला नेहमीची व्यस्त चौकट नाही, तिच्यासाठीही काम चालेल अशी 'व्यापक व्यस्त' चौकट वापरात आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०२३ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

एकदा हा प्रवास नजरेसमोर आणा. चीनमधील धान्याची पेंढी, जर्मनीतून पाहिलेला लघुग्रह, लंडनचे दोन वकील, नागपुरातील एक भेट, कलकत्त्याचे सूत्र, सुदानचे सांगाडे. आणि ज्या विद्यापीठाने हे नाव देणाऱ्याला पदवी नाकारली, त्याच विद्यापीठाने तीच चौकट घेऊन आलेल्या भारतीयाला पदवी दिली.

शेवटी

आज इंटरनेटवर आपण काही शोधतो तेव्हा कोणते पान वर यावे हे ठरविण्यासाठी १९९८ साली प्रसिद्ध झालेली जी रीत गूगलने वापरात आणली, तिच्या मुळाशीही कोणते पान कोणत्या पानाकडे बोट दाखविते याची एक प्रचंड चौरस मॅट्रिक्सच आहे. विम्याचा हप्ता, हवामानाचा अंदाज, पिकांचे प्रयोग या सर्वांत ही चौकट आहे. ती शिकण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही की महागडी यंत्रे लागत नाहीत. वही, पेन आणि शिकविणारा माणूस एवढे पुरते.

म्हणून पालकांना एक विनंती. दहावीनंतर "गणित आपल्याला कशाला?" असे म्हणून आपण कितीतरी मुलांना, आणि विशेषतः मुलींना, या वाटेवरून परत बोलावितो. त्या दारावर सही मागणारा कोणी नसतो. दार आपणच लावून घेतो. आमच्या शाळांत बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीला उद्या निश्चयक शून्य का आला हा प्रश्न पडला, तर तिला "पुस्तकात आहे तेवढेच कर" असे सांगू नका. तिच्याजवळ बसा. उत्तर येत नसेल तर जाणणाऱ्याकडे तिला घेऊन जा. सिल्व्हेस्टर यांच्यासाठी जे काम डब्लिनने केले आणि राव यांच्यासाठी जे कलकत्त्याने केले, ते आपल्या गावात करण्यासाठीच शिक्षणसंस्था असतात.